पाणथळीतला हिशेब

पाण्यामार्फत होणारं परागीभवन शिकवताना व्हॅलिस्नेरियाचं उदाहरण आपण हमखास देतो. पाण्याखाली वाढणारी ही गवतासारखी वनस्पती. तिचं मादीफूल लांब देठावर चढत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळाशी सुटी होतात, तरंगत वर येतात आणि मादीफुलाला जाऊन भिडतात. मग देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळ पुन्हा पाण्याखाली ओढलं जातं. मुलांना ही गोष्ट आवडते, परीक्षेत आकृतीही विचारली जाते.

या वनस्पतीची एक बहीण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये वाढते. थंडीत तिची पानं मरतात, पण चिखलात तिचे पिष्टमय कंद शिल्लक राहतात. हे कंद बुड्या मारून उकरून खाणारं एक बदक आहे. त्याची पाठ जाड्याभरड्या कापडासारखी पांढुरकी दिसते म्हणून लोक त्याला कॅनव्हासबॅक म्हणतात. अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञाच्या १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात या बदकाला त्याच्या आवडत्या खाद्यावरूनच शास्त्रीय नाव दिलेलं आहे : व्हॅलिसिनेरिया. नाव देताना स्पेलिंगची चूक झाली. एक अक्षर गळलं आणि एक जास्तीचं आलं. पण शास्त्रीय नावांच्या नियमांप्रमाणे पहिलं स्पेलिंग कायम राहतं, त्यामुळे ती चूक आजही चालू आहे.

या बदकाच्या शिकारीचा इतिहास आपण पाहणार आहोत. शिकार हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असं वाटेल. पण निसर्गातल्या न दिसणाऱ्या, सतत फिरत्या गोष्टी मोजायच्या कशा, हे शास्त्रज्ञ ज्या जागी शिकले, त्यातली एक जागा म्हणजे ही किनारी दलदल. आणि मोजणीत काही निसटलं तर काय होतं, हेही तिथेच दिसलं.

बुडालेली दरी

चेसापीक ही अमेरिकेतली सर्वांत मोठी खाडी. सुमारे ३२० किलोमीटर लांब. हिमयुग संपलं, बर्फ वितळलं, समुद्राची पातळी वाढली आणि सस्क्वेहाना नदीची जुनी दरी पाण्याखाली गेली. तीच ही खाडी. एवढी लांब असूनही तिची सरासरी खोली अवघी सहा-साडेसहा मीटर आहे. पाणी उथळ असल्याने सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तळाशी गवताची कुरणं होतात. नदी खाडीला मिळते तिथे, हाव्हर द ग्रेस या गावासमोर, सस्क्वेहाना फ्लॅट्स नावाचा विस्तीर्ण उथळ भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे व्हॅलिस्नेरियाची दाट कुरणं होती. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशांतल्या लहान लहान तळ्यांवर घरटी करणारी बदकं थंडीत हजारोंच्या संख्येने तिथे उतरत.

हे कंद खाऊन कॅनव्हासबॅकच्या मांसाला विशेष चव येते, अशी ख्याती होती. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथल्या मोठ्या हॉटेलांत त्याला चढा भाव मिळे. रेल्वे आल्यावर पहाटे मारलेलं बदक दूरच्या शहरात ताजं पोचवता येऊ लागलं. इथून बाजारासाठी शिकार हा एक धंदाच झाला.

बाजारासाठी बंदूक

या धंद्यातली साधनं पाहिली की माणसाची कल्पकताही दिसते आणि तिचा परिणामही.

पहिलं साधन म्हणजे फसवं बदक, डिकॉय. बदकं कळपाने राहतात आणि खाली आपल्यासारखीच बदकं निवांत बसलेली दिसली, तर ती जागा सुरक्षित समजून उतरतात. ही सवय माणसाने फार पूर्वी ओळखली होती. अमेरिकेच्या पश्चिमेकडे, नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्यापासून विणलेली अकरा फसवी बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांत बनवलेलं बदक कॅनव्हासबॅकच आहे. चेसापीकवर लव्हाळ्याची जागा लाकडाने घेतली. कोरून, रंगवून, खाली वजन लावून अशी शेकडो बदकं पाण्यावर सोडली जात.

दुसरं साधन, सिंकबॉक्स. शवपेटीसारखी एक लाकडी पेटी, तिच्या चारही बाजूंना पाण्यावर पसरणारे सपाट पंख. शिकारी त्या पेटीत उताणा झोपायचा. पंखांवर लोखंडी डिकॉय ठेवून पेटी इतकी दाबायची की तिची कड पाण्याच्या पातळीला यावी. दुरून पाहणाऱ्या बदकाला शिकारी दिसत नसे, दिसत फक्त सभोवतालची शेकडो ‘बदकं’. कळप अगदी जवळ आला की शिकारी उठून बसे आणि बंदूक चालवे.

तिसरं साधन रात्रीचं. पंट गन म्हणजे लहान तोफच. ती होडीच्या नाळेवर बसवलेली असे. पाण्यावर झोपलेल्या कळपाजवळ आवाज न करता वल्हवत जायचं आणि एकदाच बार काढायचा. एका बारात डझनांनी पक्षी पडत.

पडलेली बदकं गोळा करायला कुत्रा लागे. थंडगार पाण्यात तासन् तास पोहणारी चेसापीक बे रिट्रीव्हर ही जात याच कामासाठी तयार झाली. १८०७ साली एका बुडत्या जहाजावरून वाचवलेल्या दोन पिल्लांपासून तिची सुरुवात झाली, असं सांगतात.

या सगळ्या धंद्यात एक गोष्ट नव्हती. किती बदकं आहेत आणि त्यातली किती मारली, याचा एकत्रित हिशेब कोणाकडेच नव्हता. शिकारी आपल्या टोपल्या मोजी आणि व्यापारी आपल्या पेट्या. आकाश काळं करणारे थवे दर हिवाळ्यात येतच होते, त्यामुळे ते संपतील असं कोणालाच वाटत नव्हतं. पण लॅब्रॅडॉर डक हे दुसरं एक बदक १८७० च्या दशकात कायमचं नाहीसं झालं. आणि एके काळी अब्जावधींच्या संख्येत असलेलं प्रवासी कबुतर, त्यातली शेवटची मादी मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ‘भरपूर आहेत’ हे काही मोजमाप नव्हे, हा धडा महागात मिळाला.

पक्षी कोणाचे?

कायदा करायचा तर एक मूलभूत अडचण होती. बदक घरटं करतं कॅनडात, वाटेत थांबतं दहा ठिकाणी आणि हिवाळा काढतं मेरिलँडमध्ये. एका राज्याने शिकार थांबवली तर शेजारच्या राज्यातले शिकारी खूश. मग कोणी का थांबावं?

१९०० च्या लेसी कायद्याने, एका राज्यात बेकायदा मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यावर बंदी आली. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला आणि १९१८ मध्ये त्यावर आधारलेला कायदा झाला. वसंतातली म्हणजे विणीच्या तोंडावरची शिकार बंद झाली. स्थलांतरी रानपक्ष्यांची विक्री बंद झाली. पंट गनसारख्या मोठ्या बंदुका बेकायदा ठरल्या. एका माणसाने दिवसाला जास्तीत जास्त २५ बदकं मारावीत, अशी मर्यादा आली.

मिसूरी राज्याने याविरुद्ध दावा लावला. आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, त्यांच्याबद्दल केंद्र सरकारने का बोलावं, असा त्यांचा मुद्दा होता. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. काल ज्या पक्ष्याचा या राज्यात पत्ता नव्हता आणि जो उद्या हजार मैलांवर असेल, त्याच्यावर मालकी सांगून काय साधणार, असा न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालाचा आशय होता. नागरिकशास्त्राच्या तासालाही हा खटला सांगण्यासारखा आहे. पक्ष्याचं शरीरशास्त्र आणि राज्याची हद्द यांचं भांडण झालं आणि पक्ष्याचं म्हणणं मान्य झालं!

शिकारी वाटाड्या होतो

विक्री बंद झाल्यावर बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी काय करायचं? काही जण पुढची कित्येक वर्षं रात्रीच्या अंधारात चोरून धंदा करत राहिले. काहींनी मासे, खेकडे, कालवं धरली. आणि बऱ्याच जणांनी आपल्या ज्ञानाचाच धंदा केला. शहरातून हौसेने शिकारीला येणाऱ्यांना ते दलदलीत घेऊन जाऊ लागले. ते गाईड झाले, वाटाडे झाले.

अशा वाटाड्याबरोबरची शिकार आजही तिथे चालते. तिचा क्रम थोडक्यात पाहू. पहाटे अंधारात होडीने निघायचं. लव्हाळ्याने झाकलेल्या लपणात जाऊन बसायचं. त्याआधी डिकॉय मांडायचे आणि मांडताना वारा पाहायचा. विमानाप्रमाणेच बदकही वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतं. समोरून वारा असला की पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग टिकतो, त्यामुळे जमिनीच्या सापेक्ष वेग कमी करून अलगद उतरता येतं. म्हणून फसव्या बदकांच्या मांडणीत एक मोकळी जागा ठेवतात, बदकाला वाऱ्याला तोंड करून उतरता येईल अशी. थवा दूर असताना वाटाड्या तोंडाने वाजवायच्या पिपाणीतून मादीसारखा आवाज काढतो. वाऱ्याने खाडीचं पाणी कुठे चढेल, कुठे उतरेल, होडी कुठे रुतेल, हे त्याला पाठ असतं.

सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त, एवढ्याच वेळात बंदूक चालवता येते. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं राहता कामा नयेत. आणि सर्वांत अवघड म्हणजे प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी. अंधुक उजेडात, वेगाने येणारा पक्षी कोणत्या जातीचा, नर की मादी, हे क्षणार्धात ओळखून ‘मारा’ किंवा ‘थांबा’ सांगायचं काम वाटाड्याचं. पक्षिनिरीक्षणाची याहून कडक परीक्षा क्वचितच असेल.

या बदलात एक महत्त्वाची आर्थिक गोष्ट आहे. बाजारातल्या शिकाऱ्याला पैसा मेलेल्या बदकांच्या संख्येवर मिळे. जितकी जास्त, तितका फायदा. वाटाड्याला पैसा एका सकाळचा मिळतो. आलेल्या माणसाने दोन बदकं मारली काय किंवा पाच, मेहनताना तोच. पण पुढच्या हिवाळ्यात थवे आलेच नाहीत तर मात्र त्याचा धंदा बसतो. म्हणजे जिवंत बदकांमध्ये त्याचा स्वार्थ गुंतला. सगळे वाटाडे यामुळे सद्गुणी झाले असं नाही. पाण्यात धान्य टाकून बदकं जमवणं, पाळीव बदकांना दोरीने बांधून त्यांच्या आवाजावर रानबदकांना बोलावणं, हे प्रकार सर्रास चालत. अखेर १९३५ मध्ये या दोन्हींवर आणि सिंकबॉक्सवर बंदी आली.

डिकॉय कोरणाऱ्यांचंही असंच झालं. हाव्हर द ग्रेसचे मॅडिसन मिचेल, क्रिसफील्ड गावात केशकर्तनाचा व्यवसाय करणारे लेम आणि स्टीव्ह हे वॉर्ड बंधू, यांनी कोरलेली बदकं आज संग्रहालयात ठेवली जातात. मारण्यासाठी केलेलं अवजार लोककला ठरलं.

पायातलं कडं

कायदा झाला, मर्यादा ठरल्या. पण २५ का? दहा का नाहीत? मुळात बदकं आहेत किती, हेच ठाऊक नसेल तर मर्यादा ठरवायची कशी? आणि आज इथे, उद्या तिथे असणारे पक्षी मोजायचे कसे?

१९२० मध्ये अमेरिकेच्या जैविक सर्वेक्षण खात्याने फ्रेडरिक लिंकन या तरुण शास्त्रज्ञावर पक्ष्यांना कडी घालण्याच्या देशभरच्या कामाची जबाबदारी सोपवली. धान्य टाकलेल्या पिंजऱ्यात बदकं पकडायची, पायात अ‍ॅल्युमिनियमचं क्रमांक घातलेलं हलकं कडं अडकवायचं, जात, ठिकाण, तारीख नोंदवायची आणि सोडून द्यायचं. पुढे कुठेतरी कोणी शिकाऱ्याने ते बदक मारलं की कड्यावरचा क्रमांक त्याने पत्राने कळवायचा. सुरुवातीच्या काही कड्यांवर खात्याचं नाव संक्षेपाने असायचं : ‘वॉश. बायॉल. सर्व्ह.’ एका शेतकऱ्याने या सूचनेप्रमाणे पक्षी धुतला, उकडला, वाढला आणि तो अगदीच बेचव निघाल्याची तक्रार खात्याकडे केली, असा किस्सा पक्षीशास्त्रज्ञ अजून रंगवून सांगतात. तो खरा असेलच असं नाही.

हजारो पत्रं आली. लिंकन यांनी कुठे कडं घातलं आणि कुठे मिळालं हे नकाशावर मांडलं, तेव्हा दिसलं की बदकं वाटेल तशी भटकत नाहीत. त्यांचे प्रवास काही मोठ्या पट्ट्यांत बसतात. अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक, असे चार उड्डाणमार्ग त्यांनी १९३५ मध्ये मांडले. पुढे शिकारीचे नियमही राज्यांच्या हद्दींऐवजी या मार्गांप्रमाणे ठरू लागले.

त्याआधी, १९३० मध्ये, लिंकन यांनी याच पत्रांतून दुसरा प्रश्न सोडवण्याची युक्ती सुचवली होती. समजा, ५,००० बदकांना कडी घातली आणि त्याच हंगामात शिकाऱ्यांकडून त्यातली ६०० कडी परत आली. म्हणजे कडीवाल्या बदकांपैकी १२ टक्के मारली गेली. कडी नसलेल्या बदकांचंही प्रमाण हेच असणार, कारण बंदुकीला कडं दिसत नाही. त्या हंगामात शिकाऱ्यांनी एकूण ५० लाख बदकं मारली असतील, तर हे ५० लाख म्हणजे एकूण बदकांच्या १२ टक्के. म्हणजे बदकं सुमारे ४ कोटी २० लाख. साधं त्रैराशिक!

डेन्मार्कच्या पीटरसन यांनी माशांवर खुणा करून अशीच पद्धत १८९० च्या दशकात वापरली होती, त्यामुळे तिला लिंकन-पीटरसन पद्धत म्हणतात. वाघ, मासे, फुलपाखरं, इतकंच नव्हे तर साथीतले न नोंदलेले रुग्ण मोजायलाही तिची सुधारित रूपं वापरली जातात.

वर्गात करून पाहा

एका डब्यात साधारण पाचशे पांढऱ्या चवळीचे दाणे घ्या. नेमके किती ते मुलांना सांगू नका. त्यातले ५० दाणे काढून त्यांना स्केचपेनने खूण करा आणि डब्यात परत टाकून नीट मिसळा. आता न बघता मूठ-मूठ करून ६० दाणे बाहेर काढा. समजा, त्यात खुणेचे ६ निघाले. मग एकूण दाणे = ५० × ६० ÷ ६ = ५००. दर वेळी उत्तर बरोबर येणार नाही. कधी चारशे, कधी सातशे येईल. प्रत्येक गटाचं उत्तर फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. जास्त दाणे काढले तर उत्तरांमधली तफावत कमी होते का, तेही पाहा.

आता दोन गडबडी मुद्दाम करा. पहिली, खुणेचे दाणे न मिसळता वरच राहू द्या. दुसरी, बाहेर आलेल्या खुणेच्या ६ दाण्यांपैकी फक्त २ ‘कळवा’, बाकीचे खिशात टाका. आता उत्तर येतं ५० × ६० ÷ २ = १,५००. खरे दाणे पाचशे आणि हिशेबात तिप्पट!

ही दुसरी गडबड नुसती कल्पनेतली नाही. अनेक शिकारी कडं आठवण म्हणून पिपाणीच्या दोरीत ओवून ठेवतात आणि कळवत नाहीत. किती जण कळवत नाहीत हे शोधायला शास्त्रज्ञांनी काही कड्यांवर बक्षिसाची रक्कम कोरली. बक्षिसाची कडी आणि साधी कडी यांची परत येण्याची प्रमाणं ताडून पाहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असं दिसलं की मॅलार्ड बदकांची साधारण तीनातली एकच साधी कडी कळवली जात होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात फुकट फोन करायची सोय झाल्यावर हे प्रमाण बरंच वाढलं. चूक कळली की तिला भागता येतं. प्रश्न येतो तो चूक आहे हेच न कळल्यावर. फुगलेल्या संख्येच्या भरवशावर शिकारीची मर्यादा वाढवली, तर नुकसान बदकांचं.

आपल्याकडेही हा अनुभव आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने धारच्या महाराजांनी १९२६ मध्ये भारतात बदकांना कडी घालायला सुरुवात केली. १९५९ पासून सालीम अलींच्या नेतृत्वाखाली हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. ‘इन्फॉर्म बॉम्बे’ असं कोरलेली कडी भरतपूरला घातली गेली आणि सायबेरियातल्या शिकाऱ्यांकडून त्यांची खबर आली. आपली बदकं उन्हाळ्यात कुठे जातात हे आपल्याला बऱ्याच अंशी असं कळलं. या ज्ञानाची एक बाजू अस्वस्थ करणारी आहे. पक्षी कुठून कुठे गेला हे समजायला बहुतेक वेळा तो मरावा लागत होता. आज पाठीवरच्या लहान प्रेषकामुळे जिवंत पक्ष्याचा माग काढता येतो. पण आज आपण वापरतो त्या उड्डाणमार्गांच्या नकाशाचा पाया मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदींनी घातला आहे.

न मोजलेले मृत्यू

शिकाऱ्याच्या पिशवीतली बदकं मोजली जाऊ लागली. पण बंदुकीने मरणारी सगळी बदकं त्या पिशवीत जात नव्हती.

शिकारीच्या एका काडतुसात दोनशेहून अधिक बारीक छर्रे असतात. त्यातले दोन-चार पक्ष्याला लागतात, बाकीचे पाण्यात पडतात. शंभर वर्षं दलदलीच्या तळाशी शिशाचे छर्रे साचत होते. पक्ष्यांना दात नसतात. त्यांच्या जठराचा एक जाड, स्नायूंचा भाग गिळलेल्या खड्यांच्या मदतीने दाणे भरडतो. तळातले खडे वेचताना बदकं छर्रेही गिळत. जठरात शिसं झिजतं, आम्लात विरघळतं आणि रक्तात जातं. बदक अशक्त होतं, पंख लोंबतात, अन्न पुढे सरकत नाही. काही दिवसांत ते लव्हाळ्यात कुठेतरी मरतं आणि कोल्ह्या-गरुडांच्या पोटात जातं. रोज एक-दोन असं मरणारं बदक कोणाला दिसणार?

जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच या विषबाधेबद्दल लिहिलं होतं. पण लिहिणं वेगळं आणि मोजणं वेगळं. फ्रँक बेलरोज यांनी हजारो बदकांच्या जठरांची तपासणी जमवून, कडी घातलेल्या बदकांना छर्रे देऊन त्यांची मृत्यूची शक्यता ताडून, १९५९ मध्ये अंदाज मांडला : उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दर वर्षी २ ते ३ टक्के शिशाने मरत असावेत. टक्का लहान वाटतो, पण कोट्यवधींतले २ टक्के म्हणजे लाखो पक्षी. हे आकडे मिळाले तेही शिकाऱ्यांनी दिलेल्या जठरांतूनच.

उपाय म्हणजे पोलादाचे छर्रे. त्याला अनेक शिकाऱ्यांचा विरोध होता आणि त्यामागे भौतिकशास्त्र होतं. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, लोखंडाची ७.९ पट. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो, हवेच्या विरोधाने त्याचा वेग लवकर कमी होतो. म्हणजे छर्रे मोठे घ्यायला हवेत आणि बदक जास्त जवळ येऊ द्यायला हवं. जखमी होऊन निसटणारी बदकं वाढतील, अशी भीती घातली गेली. शेवटी टप्प्याटप्प्याने, १९९१ पर्यंत, अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर पूर्ण बंदी आली. ग्रिनेल यांच्या लेखानंतर ९७ वर्षांनी! त्यानंतर केलेल्या एका अभ्यासात असा अंदाज निघाला की एकट्या १९९७ च्या हंगामात सुमारे १४ लाख बदकं या बदलामुळे वाचली. कॅनडाने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये पाणथळींपुरती अशी बंदी लागू केली.

गवत गेलं तर?

आता पुन्हा व्हॅलिस्नेरियाकडे येऊ. १९३० च्या दशकात उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. शेतीसाठी पाणथळी आधीच उपसल्या जात होत्या, उरलेली तळी वाळली. बदकांच्या संख्येत मोठी घट झाली आणि तेव्हा लोकांना कळलं की बंदूक हे एकच कारण नाही. बसायला पाणीच नसेल तर मर्यादा कितीही कडक करून काय उपयोग? १९३४ मध्ये ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराला जैविक सर्वेक्षण खात्याचं प्रमुख केलं गेलं. त्यांच्या चित्राचं एक डॉलरचं तिकीट निघालं. पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने ते घेतलंच पाहिजे आणि आलेल्या पैशातून पाणथळी विकत घेऊन राखायच्या, अशी योजना होती. हे तिकीट आजही दर वर्षी निघतं, २०१५ पासून त्याची किंमत २५ डॉलर आहे. या पैशातून आजवर ६० लाख एकरांहून अधिक अधिवास राखला गेला आहे.

पण पाणथळ विकत घेतली म्हणून पाणी स्वच्छ राहतंच असं नाही. शेतातली खतं, शहरांचं सांडपाणी आणि गाळ यांनी चेसापीकचं पाणी गढूळ झालं. खतांमुळे शेवाळ माजलं, तळाशी उजेड पोचेना, कुरणं विरळ झाली. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने सस्क्वेहाना फ्लॅट्सवर गाळ लोटला आणि उरलंसुरलं गवत गेलं. तिथे हिवाळ्यात येणाऱ्या कॅनव्हासबॅकची संख्या १९५० च्या दशकाच्या मानाने फार घसरली. जी आली त्यांनी कंद सोडून शिंपले खायला सुरुवात केली. सांडपाण्यावर उपाय झाले, पाणी थोडं निवळलं, तेव्हा २००० नंतर फ्लॅट्सवर पुन्हा मोठं कुरण उभं राहिलं. तीस वर्षं वाट पाहावी लागली.

आणि आता नवा प्रश्न आहे. खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरची ब्लॅकवॉटर ही पाणथळ १९३३ पासून पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथली पाच हजार एकरांहून अधिक दलदल तेव्हापासून उघडं पाणी झाली आहे. जमीन खचते आहे, समुद्र चढतो आहे. मुळं कुरतडणारा न्यूट्रिया हा परका प्राणी तिसरं कारण होता. वीस वर्षांच्या प्रयत्नांनी तो तिथून संपवल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. समुद्राच्या बाबतीत मात्र असा उपाय हाताशी नाही.

हा इतिहास मुलांना सांगताना शिकार चांगली की वाईट, यावर वर्गात वाद जरूर होईल. तो होऊ द्यावा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपण वेगळा मार्ग धरला आहे, त्याचीही चर्चा करावी. पण वाद संपल्यावर मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा. आपल्या गावाजवळच्या तळ्यावर, खाडीवर, धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात किती बदकं येतात, हे कोणी मोजलं आहे का? नसेल तर या डिसेंबरात एक वही, एक पेन्सिल आणि जमल्यास एक दुर्बीण घेऊन पहाटे तिथे जायला हरकत नाही. पहिल्या वर्षीचा आकडा एकटा फारसं काही सांगणार नाही. दहा वर्षं, त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून मोजलं, तर बदकं कमी झाली की वाढली हे त्या शाळेला जितकं नीट ठाऊक असेल तितकं दुसऱ्या कोणालाही नसेल.